खेळातील चित्रकथा आणि तिचा संकलक

प्रस्तावना

संगणकावर किंवा मोबाइलवर मुले खेळ खेळतात, हे दृश्य आता घरोघरी दिसते. अनेक खेळांत मधूनच खेळणे थांबते आणि पडद्यावर एखाद्या चित्रपटासारखा प्रसंग सुरू होतो. पात्रे बोलतात, युद्धाची चाहूल लागते, एखादे रहस्य उलगडते आणि मग खेळ पुन्हा खेळाडूच्या हाती येतो. अशा प्रसंगांना व्यवसायात 'कटसीन' किंवा 'सिनेमॅटिक' म्हणतात. या पाठात त्यांना 'कथादृश्य' म्हटले आहे. कथादृश्यातील शॉट निवडणारा, त्यांचा क्रम आणि लांबी ठरवणारा कारागीर म्हणजे संकलक. त्याचे काम दिसत नाही, पण ते बिघडले तर सर्वांना जाणवते. प्रस्तुत पाठात या कामाची ओळख करून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला
• संकलन म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत सांगता येईल;
• चित्रपटाचे संकलन आणि खेळातील कथादृश्याचे संकलन यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• दृश्यांचा क्रम बदलल्याने अर्थ कसा बदलतो, हे उदाहरण देऊन दाखवता येईल;
• या व्यवसायातील संधी आणि अडचणी यांविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

१. चित्रामागून चित्र

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे कागदावर रंगवलेली असतात. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरतो आणि वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने कथा गातो. कोणते चित्र किती वेळ धरायचे आणि पुढचे केव्हा काढायचे, हे तो श्रोत्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून ठरवतो. करुण प्रसंगी चित्र रेंगाळते, युद्धाच्या वेळी चित्रे भराभर पालटतात. याच समाजात चामड्याच्या छायाबाहुल्यांचा आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळही चालत आला आहे. या कलांच्या जतनासाठी पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

चित्रकथी कलावंताने 'संकलन' हा शब्द वापरला नसेल. परंतु त्याच्या बोटांत जी जाण आहे, तीच संकलकाच्या कामाचा पाया आहे. कोणते चित्र, कोणत्या चित्रानंतर आणि किती वेळ, हे तीन प्रश्न म्हणजे संकलन होय.

चित्रपट आला तेव्हा हेच प्रश्न फिल्मच्या पट्टीवर सोडवावे लागले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या वेलाची वाढ एकेक चौकट टिपून चित्रित केली आणि अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखवली. वेळ आकसता येतो, हे त्यांनी त्या छोट्या प्रयोगातून सिद्ध केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा चलच्चित्रपट केला. निर्जीव वस्तूची एकेक स्थिती टिपून तिला हालचाल देण्याची ही कला आजच्या ॲनिमेशनची पूर्वज आहे. खेळातील कथादृश्ये ज्या दोन विद्यांच्या संगमातून जन्मली, त्या ॲनिमेशन आणि संकलन या दोन्ही विद्या महाराष्ट्रात अशा जुन्या आहेत.

१९२९ मध्ये कोल्हापूरला स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. तिच्या जागेवर १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था उभी राहिली. या संस्थेत संकलनाचे शिक्षण स्वतंत्रपणे दिले जाते. 'परिंदा', 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर' या चित्रपटांच्या संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या रेणू सलुजा याच संस्थेच्या विद्यार्थिनी होत्या.

२. खेळात कथा कशी आली

आरंभीच्या खेळांत कथा नव्हतीच. गुण मिळवणे आणि जिवंत राहणे एवढाच हेतू असे. १९८० मधील 'पॅक-मॅन' या जपानी खेळात काही टप्प्यांनंतर एक लहानसे विनोदी दृश्य येई. भूत गोल पात्राचा पाठलाग करी आणि पुढच्या क्षणी तेच पात्र मोठे होऊन भुताच्या मागे लागे. खेळाडूला तेवढाच विसावा मिळे. १९८४ मधील 'कराटेका' या खेळात जॉर्डन मेक्नर याने चित्रपटाची युक्ती उघडपणे वापरली. एकीकडे नायक चालून येतो आहे आणि दुसरीकडे खलनायक आपला योद्धा पाठवतो आहे, असे दोन ठिकाणचे प्रसंग आलटून-पालटून दाखवल्यामुळे साध्या रेषाचित्रांतही उत्कंठा निर्माण झाली.

१९९७ मध्ये आलेला 'फायनल फँटसी ७' हा खेळ तीन तबकड्यांवर मावला, कारण त्यात आधी तयार करून ठेवलेली अनेक चलच्चित्रे होती. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, 'हाफ-लाइफ' या खेळाने उलट वाट धरली. खेळाडूच्या डोळ्यांपुढील दृश्य कोठेही न तोडता सगळी कथा त्याच्या भोवतीच घडू दिली. २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर' मध्ये तर आरंभापासून अखेरपर्यंत एकही तोड नाही, कॅमेरा अखंड चालत राहतो. म्हणजे 'कोठे तोडावे' या प्रश्नाइतकाच 'तोडावे की नाही' हाही प्रश्न या क्षेत्रात खरा आहे.

पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा गटाने बनवलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० मध्ये प्रकाशित झाला. राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. या खेळातील कथादृश्ये छायाबाहुल्यांच्या शैलीत आहेत आणि त्याच्या चित्रांवर पहाडी चित्रशैलीची छाप आहे. लहान गटाला मोठ्या चित्रपटासारखी दृश्ये करणे खर्चिक असते. छायाबाहुलीला चेहऱ्यावरील बारीक भाव लागत नाहीत. तिची कथा आकृती, हालचाल आणि निवेदन यांवर चालते. साधनांची मर्यादा आणि परंपरेची देणगी यांचा असा मेळ बसला. हा खेळ सहज उभा राहिला नाही. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न अपुरा पडला आणि काम चालू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एकीने आपले घर विकले. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्‌स' मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(१) चित्रकथीच्या एका आख्यानाच्या चित्रसंचाला काय म्हणतात?
(अ) पट (आ) पोथी (इ) बखर (ई) आख्यायिका
(२) 'कराटेका' या खेळात कोणती युक्ती वापरली?
(अ) अखंड कॅमेरा (आ) छायाबाहुल्या (इ) दोन ठिकाणचे प्रसंग आलटून-पालटून दाखवणे (ई) केवळ निवेदन

३. चित्रणाआधी संकलन

चित्रपटात आधी चित्रण होते आणि मग संकलक हाती आलेल्या शॉटमधून निवड करतो. तासन्‌तास चित्रित झालेल्या सामग्रीतून दोन-अडीच तासांचा चित्रपट निघतो आणि उरलेले बाजूला पडते. खेळातील कथादृश्यात ही चैन परवडत नाही. तेथे प्रत्येक झाड, प्रत्येक चेहरा आणि प्रत्येक सावली संगणकावर घडवावी लागते. म्हणून संकलकाला अगदी सुरुवातीलाच बोलावले जाते. शॉट तयार होण्याआधीच तो त्यांचे संकलन करतो.

त्याची रीत अशी. प्रथम चित्रकार प्रसंगाची कच्ची रेखाटने काढतो. त्यांना 'स्टोरीबोर्ड' म्हणतात. संकलक ही रेखाटने संगणकावरील टाइमलाइनवर क्रमाने मांडतो. कार्यालयातील कोणाच्या तरी आवाजात तात्पुरते संवाद ध्वनिमुद्रित करून घेतो, दार उघडल्याचा किंवा पावसाचा आवाज जोडतो आणि प्रसंग चालवून पाहतो. या कच्च्या रूपाला 'ॲनिमॅटिक' म्हणतात. पेन्सिलच्या रेघांचे हे दृश्य पाहूनच प्रसंग रंगतो की रेंगाळतो, ते कळते. रेखाटन बदलणे अर्ध्या तासाचे काम असते. तयार झालेला शॉट बदलणे अनेकांच्या कित्येक दिवसांचे काम असते.

ॲनिमॅटिक संमत झाले की ओबडधोबड त्रिमित आकृत्या वापरून कॅमेऱ्याची जागा ठरते. त्यानंतर अंगाला खुणा लावलेल्या नटांची हालचाल यंत्राने टिपून ती पात्रांना दिली जाते. मग ॲनिमेशन, प्रकाशयोजना, धूर-धूळ-पाणी यांचे परिणाम आणि शेवटी ध्वनी व संगीत येते. प्रत्येक पायरीवर शॉटचे नवे रूप संकलकाकडे येते आणि तो जुने काढून नवे त्याच जागी बसवतो. रेघांच्या जागी ठोकळे येतात, ठोकळ्यांच्या जागी माणसे. सगळ्या विभागांचे काम रोज एकत्र दिसते ते केवळ संकलकाच्या टाइमलाइनवर. म्हणून शॉटला नेमके नाव देणे, कोणते रूप ताजे आहे याची नोंद ठेवणे आणि जुने रूप चुकून मागे न राहू देणे, ही कामे त्याच्या कलादृष्टीइतकीच महत्त्वाची ठरतात.

४. फ्रेमचा हिशेब

डोळ्यांपुढून स्थिर चित्रे वेगाने सरकली की हालचालीचा भास होतो. अशा एका स्थिर चित्राला 'फ्रेम' म्हणतात. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात, भारतीय दूरचित्रवाणीची प्रचलित रीत २५ फ्रेमची आहे आणि खेळ बहुधा ३० किंवा ६० फ्रेमने चालतात. संकलक सेकंदांत नव्हे, तर फ्रेममध्ये विचार करतो. तलवार उगारली आणि दृश्य तुटले; ही तोड दोन फ्रेम आधी झाली तर वार निसटल्यासारखा वाटतो, चार फ्रेम उशिरा झाली तर वाराचा जोर ओसरतो.

या फ्रेमला पैसाही जडलेला असतो. समजा, सेकंदाला ३० फ्रेमने चालणारे ४० सेकंदांचे दृश्य आहे. त्यात १२०० फ्रेम आल्या. आधी तयार करून ठेवायच्या दृश्यात एक फ्रेम संगणकाकडून पूर्ण व्हायला २० मिनिटे लागतात असे धरू. संकलकाने वेळीच १०० फ्रेमचा अनावश्यक शॉट वगळला तर २००० मिनिटे, म्हणजे तेहतीस तासांहून अधिक यंत्रवेळ वाचतो. त्या शॉटवर खर्च होणारे कलावंतांचे श्रम वेगळेच. तोच शॉट शेवटी वगळला तर हे सगळे वाया जाते. म्हणूनच एखादा शॉट वेळीच 'नको' म्हणणे, हे संकलकाचे मोठे देणे असते. तरीही सगळे अचूक बेतता येत नाही. म्हणून प्रत्येक शॉटच्या दोन्ही टोकांना काही फ्रेम अधिक मागून घेतल्या जातात. शिंप्याने शिवणीत सोडलेल्या मायेसारख्या त्या पुढे कमी-जास्त करण्यास उपयोगी पडतात.

५. एक उदाहरण : हिंदूरावांचा वाडा

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर हिंदूराव रुग्णालय आहे. त्याच्या नावात एका मराठी सरदाराची आठवण आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू होत. इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर याने टेकडीवर बांधलेला वाडा, १८३५ मध्ये त्याचा खून झाल्यावर, हिंदूरावांनी घेतला. जवळच अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो मेरठहून आणवला होता. पुढे स्फोटात त्याचे तुकडे झाले आणि १८६७ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला.

१८५७ च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या फौजेने ही टेकडी व्यापली. शहर उठावाच्या शिपायांकडे होते. हिंदूरावांचा वाडा टेकडीच्या शहराकडील टोकाला असल्याने त्याच्यावर सतत मारा होत राहिला. वाड्याचे रक्षण मेजर रीड याच्या हाताखालील सिरमूर पलटणीचे गुरखे करीत होते. सव्वीस हल्ले परतवल्याची नोंद आहे आणि ४९० जणांपैकी ३२७ जण ठार किंवा जखमी झाले. ऊन, पाऊस आणि पटकी यांनी दोन्ही बाजूंची माणसे नेली. सप्टेंबरात शहर पडले.

आता समजा, या प्रसंगावर एक खेळ बनतो आहे आणि त्यातील कथादृश्यासाठी संकलकाच्या हाती चार शॉट आहेत :

(क) गोळ्यांनी खिळखिळी झालेली वाड्याची भिंत;
(ख) लोट्यातील अखेरचे पाणी पिणाऱ्या गुरखा शिपायाचा चेहरा;
(ग) पावसात टेकडी चढणारे उठावाचे शिपाई;
(घ) चिखलात पडलेली एक पगडी.

क्रम क, ख, ग, घ असा ठेवला तर प्रेक्षक प्रथम भिंतीच्या आत जातो. तहानलेल्या शिपायाची त्याला दया येते, टेकडी चढणारे लोक त्याला संकटासारखे भासतात आणि शेवटची पगडी म्हणजे टळलेले संकट ठरते. क्रम ग, क, घ, ख असा केला तर प्रेक्षक चढणाऱ्यांच्या सोबत निघतो. भिंत हा अडथळा होतो, पगडी ही आपल्या माणसाची होते आणि पाणी पिणारा शिपाई निर्विकार, किंबहुना निष्ठुर वाटतो. क्रम ग, घ, ख, क असा ठेवला तर एकाचे मरण आणि दुसऱ्याची तहान शेजारी-शेजारी येतात. दोघेही याच भूमीवरचे आणि दोघेही आपल्या घरापासून दूर, हा विचार मनात येऊन दृश्य रिकाम्या भिंतीवर थांबते.

चारही शॉटमध्ये एकही फ्रेम बदललेली नाही. शिपायाच्या चेहऱ्यावरील भाव तिन्ही वेळा तेच आहेत. तरीही पाहणाऱ्याने त्यात सुटका, निष्ठुरता आणि दुःख असे तीन निरनिराळे भाव वाचले. गेल्या शतकाच्या आरंभीच्या काळात रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह याने हेच दाखवून दिले होते. नटाचा तोच चेहरा त्याने कधी वाटीभर सूप, कधी शवपेटी आणि कधी स्त्री यांच्या शेजारी जोडला. प्रेक्षकांना प्रत्येक वेळी त्यात वेगळा भाव दिसला. अर्थ शॉटमध्ये असतो तितकाच दोन शॉटच्या सांध्यात असतो.

येथे संकलकाची जबाबदारी सुरू होते. काल्पनिक असुराच्या बाबतीत कोणाची बाजू घ्यावी, हा केवळ रंजनाचा प्रश्न असेल. पण ज्या टेकडीवर खरी माणसे मेली, तिची कथा सांगताना क्रम ठरवणे म्हणजे कोणाच्या मरणाला शोक म्हणायचे हे ठरवणे होय. हा खेळ खेळणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाने कदाचित या विषयावरचे पुस्तक वाचलेले नसेल. त्याच्या मनातील १८५७ तोच असेल. अंतिम निर्णय दिग्दर्शकाचा असतो हे खरे. पण तीन क्रम तयार करून समोर ठेवणे आणि प्रत्येकाचा अर्थ स्पष्ट सांगणे, हे संकलकाच्या हाती असते.

पाठगत प्रश्न २

(१) ॲनिमॅटिक म्हणजे काय? दोन वाक्यांत सांगा.
(२) शॉटच्या टोकांना अधिक फ्रेम का मागून घेतात?
(३) ग, क, घ, ख या क्रमात पाणी पिणारा शिपाई कसा वाटतो? का?

६. सूत्रे खेळाडूच्या हाती

चित्रपटाचा प्रेक्षक खुर्चीत रेलून बसलेला असतो. खेळाडू मात्र हाताची बोटे कळींवर ठेवून सज्ज असतो. कथादृश्य सुरू झाले की त्याच्या हातातील सूत्रे काढून घेतली जातात. त्याच्या मनात प्रश्न असतो, 'माझी पाळी केव्हा?' म्हणून खेळाच्या संकलकाला काही खास पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य सांध्याचे. दृश्य संपून खेळ सुरू होतो, त्या क्षणी कॅमेरा साधारण तेथेच हवा, जेथून खेळाडू पात्राला पाहणार आहे. दृश्यात पात्र डावीकडून उजवीकडे धावत असेल आणि खेळ सुरू होताच त्याचे तोंड उलट दिशेला असेल, तर खेळाडू गोंधळतो. शत्रू कोठे आहे, वाट कोणती, दार कोठे, हे दृश्याच्या अखेरच्या शॉटमधून त्याला कळले पाहिजे.

दुसरे पथ्य वेषाचे. अनेक खेळांत खेळाडू आपल्या पात्राचे कपडे आणि शस्त्रे स्वतः निवडतो. दृश्य आधीच तयार करून ठेवलेले असेल, तर लाल अंगरख्यातील पात्र दृश्यात एकाएकी निळ्या अंगरख्यात दिसेल. म्हणून आता पुष्कळ कथादृश्ये खेळाचे इंजिनच त्या क्षणी पडद्यावर उभी करते. मग पोशाख बरोबर येतो. परंतु ज्या उंचीच्या पात्रासाठी चौकट बेतली, त्याहून खेळाडूचे पात्र बुटके निघाले तर चेहरा चौकटीबाहेर जातो. अशा शक्यता आधी ताडाव्या लागतात.

तिसरे पथ्य भाषेचे. तोच संवाद एका भाषेत तीन सेकंदांत संपतो, दुसऱ्या भाषेत त्याला पाच सेकंद लागतात. ओठ मिटले आणि आवाज चालूच राहिला, तर प्रसंग हास्यास्पद होतो. संवादानंतर थोडा श्वास शिल्लक ठेवला, तर अनुवादकाला जागा मिळते.

चौथे पथ्य नम्रतेचे. पुष्कळ खेळांत दृश्य वगळण्याची सोय असते. संकलकाने महिनाभर घासलेले दृश्य खेळाडू एका बोटाने पुढे ढकलू शकतो. म्हणून कथेतील अत्यावश्यक गोष्ट खेळातही कोठेतरी सांगून ठेवावी लागते. शिवाय हरलेला खेळाडू तेच दृश्य दहा वेळा पाहणार असतो, हे विसरून चालत नाही.

७. कामाचे वास्तव

या व्यवसायात प्रवेश करण्यासाठी आज महागड्या यंत्रशाळेची गरज नाही. 'ब्लेंडर' हे ॲनिमेशनचे साधन विनामूल्य व मुक्त आहे आणि 'डाविंची रिझॉल्व्ह' या संकलनाच्या साधनाची एक आवृत्ती विनामूल्य मिळते. नोकरी देणारे पदवी पाहतात, पण त्याआधी कामाचा नमुना पाहतात. निवडक कामाच्या या एक-दोन मिनिटांच्या चित्रफितीला 'शोरील' म्हणतात. औपचारिक शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुण्याच्या चित्रपट संस्थेचे मोठे अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. मुंबईत २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्यपरिणाम व खेळ यांसाठी 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज' ही राष्ट्रीय संस्था सुरू झाली.

या कामाची दुसरी बाजूही माहीत असावी. खेळाची प्रकाशनाची तारीख जवळ आली की रात्रंदिवस काम चालते. डोळे, मान आणि मनगट यांवर ताण येतो. खेळ प्रकाशित होईपर्यंत गुप्ततेचा करार पाळावा लागतो. त्यामुळे दोन-तीन वर्षे केलेले काम संकलक कोणाला दाखवू शकत नाही. एखादा खेळ मध्येच रद्द झाला, तर ते काम कधीच कोणी पाहत नाही आणि नव्या नोकरीसाठी दाखवायला हातात काही उरत नाही.

नोकरीची शाश्वतीही मोठी नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत दृश्यपरिणाम आणि ॲनिमेशन करणारा 'टेक्निकलर' हा जागतिक समूह कोसळला आणि भारतातील अनेक कलावंतांच्या नोकऱ्या अचानक गेल्या. यंत्रबुद्धीचा प्रश्नही उभा आहे. अमेरिकेत खेळांसाठी आवाज आणि अभिनय देणाऱ्या कलावंतांनी जुलै २०२४ मध्ये संप पुकारला. आपला आवाज व हालचाल यंत्राला संमतीविना वापरू देऊ नये, ही त्यांची प्रमुख मागणी होती. जवळजवळ वर्षभरानंतर त्यांना नवा करार मिळाला. संकलनातही शॉट शोधणे, संवादाची लेखी प्रत काढणे, कच्ची मांडणी करणे ही कामे यंत्रे करू लागली आहेत. केवळ कळी दाबण्याचे कौशल्य असलेल्याला याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र हिंदूरावांच्या वाड्याचे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. चार शॉटचे चोवीस क्रम होतात. यंत्र ते सर्व क्षणात मांडून देईल. त्यांपैकी कोणता न्याय्य आहे, हे ठरवण्यासाठी १८५७ ची माहिती हवी, तहान आणि मरण यांची जाण हवी आणि पडद्यासमोर बसणाऱ्या अनोळखी मुलाविषयी काळजी हवी. वाचन, भाषा आणि माणसांचे निरीक्षण यांतून ती येते. पिंगुळीचा कथेकरी चित्र हाती धरून श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहत असे. संकलकाला आपला श्रोता दिसत नाही. त्याला तो मनात पाहावा लागतो.

शब्दार्थ

संकलक – शॉट निवडून त्यांचा क्रम व लांबी ठरवणारा
हुडुक – हाताने वाजवायचे लहान चर्मवाद्य
चलच्चित्र – हलते चित्र
त्रिमित – लांबी, रुंदी व खोली असलेले
माया – शिवणीत आत सोडलेले जादा कापड
पटकी – एक साथीचा रोग, कॉलरा
किंबहुना – इतकेच नव्हे तर
पथ्य – पाळावयाचा नियम

तुम्ही काय शिकलात?

• कोणते चित्र, कोणत्या चित्रानंतर आणि किती वेळ, या तीन प्रश्नांचे उत्तर म्हणजे संकलन.
• खेळातील कथादृश्याचे संकलन शॉट तयार होण्याआधीच सुरू होते.
• शॉट तेच ठेवून क्रम बदलला तरी अर्थ बदलतो. म्हणून संकलन ही जबाबदारीही आहे.
• खेळाडूच्या हाती सूत्रे परत द्यायची असतात, हे लक्षात ठेवून दृश्य बेतावे लागते.

स्वाध्याय

१. चित्रपटाचा संकलक आणि खेळाचा संकलक यांच्या कामातील तीन फरक लिहा.
२. 'शॉट वेळीच नको म्हणणे, हे संकलकाचे मोठे देणे असते.' हे विधान पाठातील हिशेबाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील किंवा गावातील एका प्रसंगाची चार चित्रे कागदाच्या चार तुकड्यांवर काढा. ती दोन वेगवेगळ्या क्रमांनी मांडून दोन व्यक्तींना दाखवा. प्रत्येकाला कोणती कथा समजली, ते आठ-दहा ओळींत लिहा.
४. यंत्रबुद्धीमुळे संकलकाची गरज संपेल का? तुमचे मत कारणांसह मांडा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) – (आ) पोथी, (२) – (इ) दोन ठिकाणचे प्रसंग आलटून-पालटून दाखवणे.
प्रश्न २ : (१) स्टोरीबोर्डची रेखाटने तात्पुरत्या आवाजासह क्रमाने मांडून केलेले दृश्याचे कच्चे रूप म्हणजे ॲनिमॅटिक. ते पाहून प्रसंग रंगतो की रेंगाळतो, हे कळते. (२) पुढे शॉटची लांबी कमी-जास्त करता यावी म्हणून. (३) निष्ठुर, कारण चढणाऱ्यांच्या सोबत निघालेल्या प्रेक्षकाला पगडी आपल्या माणसाची वाटते आणि तिच्यानंतर लगेच पाणी पिणारा शिपाई दिसतो.